सरफोजी राजांची मराठी निरूपणे : कुंभकोणम परिसरातून एक पुनर्विचार

१. प्रश्नाची मांडणी

विस्मृतीत गेलेली संगीतरचना पुन्हा प्रकाशात येण्याचा युरोपीय संगीताच्या इतिहासात एक रूढ क्रम आहे. प्रथम हस्तलिखित वा जुनी छापील प्रत हाती येते, मग तिची चिकित्सक आवृत्ती निघते, नंतर ती वाजविली जाते आणि तेव्हाच तिच्या मोलाविषयी निर्णय होऊ शकतो. क्लारा वीक (पुढे क्लारा शूमान) हिचा पियानो कन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी केलेली रचना, ९ नोव्हेंबर १८३५ रोजी लाइपझिग येथे मेंडेल्सनच्या संचालनाखाली प्रथम सादर झाला. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती. या रचनेचे तीन भाग एकमेकांना जोडलेले आहेत आणि मधल्या भागात वाद्यवृंद बाजूला राहून पियानो व चेलो यांचाच संवाद चालतो. पुढे दीर्घकाळ हा कन्चेर्टो मुख्यतः इतिहासग्रंथांतील उल्लेखापुरता उरला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो पुन्हा वाजू लागला, तेव्हा ज्याला एका मुलीचा प्राथमिक प्रयत्न समजले जात होते त्यातील रचनाविचार लोकांच्या ध्यानी आला. १९९१ पासून हायपेरियन या ब्रिटिश ध्वनिमुद्रण संस्थेने रोमँटिक कालखंडातील विस्मृत कन्चेर्टोंची एक मालिकाच काढली. तिच्यातील सर्वच रचना थोर नाहीत. परंतु त्या थोर नाहीत हेदेखील ऐकल्यावरच सांगता येते.

यातून निघणारा मुद्दा साधा असला तरी आपल्या साहित्यविचारात तो पुरेसा रुजलेला नाही. प्रयोगासाठी घडविलेल्या रचनेच्या बाबतीत कागद सापडणे म्हणजे रचना सापडणे नव्हे. या मुद्द्याची मराठीत कसोटी पाहावयाची तर तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांच्या निरूपणांसारखे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल. सरफोजी हे बेथोव्हेन, वेबर आणि शूबर्ट यांचे समकालीन. त्यांची निरूपणे 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाच्या ग्रंथात आहेत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने तो छापूनही बराच काळ लोटला आहे. म्हणजे येथे हस्तलिखित हरवलेले नव्हते आणि प्रतही दुर्मीळ नव्हती. असे असूनही मराठी वाङ्मयेतिहासात या रचनांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळालेली दिसत नाही. हे दुर्लक्ष रचनेच्या उणिवेमुळे झाले की आपल्या वाचनपद्धतीच्या उणिवेमुळे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी तंजावरच्या राजवाड्याइतकेच, तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणम परिसराकडेही पाहावे लागते, असे येथे सुचवावयाचे आहे.

२. दरबार आणि त्याचे संगीत

सरफोजींना तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले. तुळजाजींच्या मृत्यूनंतर गादी अमरसिंहाकडे गेली आणि सरफोजींचा हक्क १७९८ मध्ये मान्य झाला. मधल्या वर्षांत ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. गादीवर आल्यानंतर वर्षभरातच, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली. राज्य गेलेल्या या राजाने आपली सारी शक्ती ग्रंथसंग्रह, वैद्यक, शिक्षण, मुद्रण आणि कला यांच्याकडे वळविली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आणि १८०६ मध्ये तंजावरच्या छापखान्यात निघालेली 'बाळबोध मुक्तावली' ही या उद्योगाची सर्वपरिचित फळे होत.

या दरबारात संगीताचे अनेक प्रवाह एकत्र आले होते. पाश्चात्त्य वाद्यांचा बँड राजवाड्यात होता आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतील संगीताचा संग्रह सरस्वती महालात जमा झाला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी, ज्यांना 'तंजावर चतुष्टय' म्हणून ओळखले जाते, याच दरबारात आपल्या कार्यास आरंभ केला. ते मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. स्वतः दीक्षितरांनी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसविले, ती 'नोट्टुस्वर' साहित्ये आजही गायिली जातात. वडिवेलूने व्हायोलिन आत्मसात केले आणि पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी ते नेले. सरफोजींच्या मराठी रचना या गजबजलेल्या परिसरात जन्मल्या, हे विसरून त्यांच्याकडे केवळ दूरदेशी राहिलेल्या मराठी कवितेचा नमुना म्हणून पाहणे म्हणजे त्यांचे अर्धे अंग झाकून ठेवणे होय.

ग्रंथाचे नावच या दृष्टीने बोलके आहे. 'कोर्वै' हा तमिळ शब्द. त्याचा अर्थ ओवणे, गुंफण. त्याला मराठी सामान्यरूप व षष्ठीचा प्रत्यय लागून 'कोरव्यांचे' झाले. 'साहित्य' हा संस्कृत शब्द येथे वाङ्मय या अर्थी नाही. दाक्षिणात्य संगीतात गीताच्या शब्दांगाला साहित्य म्हणतात, त्या अर्थाने तो आला आहे. आणि 'जिन्नस' हा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठी दप्तरात येऊन स्थिरावलेला. अशा रीतीने एकाच शीर्षकात तमिळ नृत्यपरंपरा, कर्नाटक संगीतशास्त्र आणि मराठी दप्तराची भाषा शेजारी शेजारी बसल्या आहेत. गुंफलेल्या गीतशब्दांचे प्रकार, असा या नावाचा सरळ अर्थ घेता येईल. यातील 'गुंफण' हा शब्द समीक्षकाने घट्ट धरून ठेवावयास हवा, कारण या रचनांचे मर्म सुट्या पदांत नसून त्यांच्या गुंफणीत आहे.

३. निरूपणाची घडण

एका निरूपणात अठरा अंगे असतात. जय जय, शरणु शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण इत्यादी रूपांतून जात ते मंगलापर्यंत पोचते. यातील काही अंगे वंदनाची, काही केवळ नृत्ताची, काही अभिनयाची. जक्किणीसारखी काही दक्षिणेच्या दरबारांतून आलेली जुनी रूपे. या यादीतील अलारु, शब्द, वर्ण, पद आणि तिल्लाना ही नावे वाचताच भरतनाट्यमच्या जाणकाराला आजच्या 'मार्गम'ची आठवण होते. अलारिप्पु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम आणि तिल्लाना असा जो क्रम पुढे रूढ झाला व ज्याचे श्रेय चतुष्टयाला दिले जाते, त्याच्याशी या मराठी गुंफणीचे निकटचे नाते आहे. नृत्याच्या इतिहासकारांनी हे नाते नोंदविले आहे. परंतु अशा नोंदीत एक धोका असतो. नंतरच्या प्रसिद्ध रूपाची पूर्वपीठिका एवढेच महत्त्व दिले की मूळ रचनेचा स्वतंत्र विचार थांबतो.

मार्गम आणि निरूपण यांच्यात एक मूलभूत भेद आहे. मार्गमात प्रत्येक अंग स्वतंत्र असते. वर्णम एका रागात, पदम दुसऱ्या. एकाचा विषय शिव, दुसऱ्याचा कृष्ण. नर्तिकेने ते आपल्या निवडीने एकत्र आणलेले असतात. निरूपणात मात्र अठराही अंगांतून एकच कथा पुढे जाते, उदाहरणार्थ 'कुमारसंभव निरूपणा'त कुमारजन्माची. आणि या अंगांना सामान्यतः एकच राग व एकच ताल असतो. म्हणजे वैविध्याची जी साधने संगीतकाराच्या हाताशी सहज असतात, रागबदल आणि तालबदल, ती दोन्ही सरफोजींनी जाणूनबुजून बाजूला ठेवली. मग वैविध्य येते कोठून? ते येते अंगांच्या जातिभेदातून. तोच राग वंदनात स्थिर उभा राहतो, सोल्लूत तालाच्या बोलांमागे सरतो, वर्णात शब्द व स्वर यांच्या आलटून-पालटून येण्याने विस्तारतो, अभिनयपदात विलंबित होऊन भावाला वाट देतो आणि तिल्लान्यात निरर्थक बोलांवर धावू लागतो. एकाच द्रव्याला अनेक आकार देऊन त्यातून कथा उभी करण्याचा हा प्रयत्न आहे. रोमँटिक कन्चेर्टोच्या रचनाकारांनाही याच काळात आणि पुढे सुट्या भागांना एका बीजाने बांधण्याची ओढ लागली होती. क्लाराने आपले तीन भाग जोडले. लिस्टने १८५५ मध्ये वायमार येथे प्रथम सादर झालेल्या आपल्या कन्चेर्टोत तेच सुर-बीज रूपे पालटून सर्वत्र खेळविले. तंजावर आणि लाइपझिग यांच्यात येथे प्रभावाचे नाते सुचवावयाचे नाही. परंतु अखंड रचनेचा प्रश्न दोन अगदी भिन्न संगीतसंस्कृतींत जवळपास एकाच काळी उभा राहिला आणि त्याला भिन्न उत्तरे मिळाली, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. एक राग, एक ताल आणि अठरा अंगे म्हणजे कंटाळवाणा प्रकार, असे वाचणाऱ्याला वाटू शकते. ऐकणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही. हिंदुस्थानी गायक एका रागाला तासभर देतो; कर्नाटक मैफलीतील 'रागम-तानम-पल्लवी' एकाच रागाच्या बळावर उभी असते. तथापि हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. एका रागात अठरा अंगे तोलण्याइतका तो राग समृद्ध असावा लागतो, आणि प्रत्येक अंगाचा लयविचार वेगळा राखणारा नट्टुवनार लागतो. तो नसेल तर हीच रचना सपाट होईल. तात्पर्य, या आक्षेपाचा निकाल रंगावरच लागू शकतो.

४. वाङ्मयीन निकषांची अडचण

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने निरूपणातील शब्द वाचले तर त्याची निराशा होण्याचा संभव मोठा आहे. संबोधने पुष्कळ, देवतांची नावे व विशेषणे पुष्कळ, कथानकाचे धागे विरळ आणि भाषा मिश्र. मोरोपंतांच्या यमकांवर पोसलेल्या किंवा केशवसुतांनंतरच्या भावकवितेवर घडलेल्या अभिरुचीला त्यात हाती लागण्यासारखे थोडे. परंतु हे निकष येथे लावणे म्हणजे नाटकाच्या संहितेत कादंबरीचे वर्णन शोधण्यासारखे आहे. वर्णातील एक ओळ एकदा म्हटली जात नाही. ती पुनःपुन्हा म्हटली जाते आणि प्रत्येक वेळी नर्तिका तिच्यातील एखाद्या शब्दावर वेगळा संचारी भाव उभारते. 'चंद्रशेखर' या एका नावावर चंद्र, जटा, शीतलता, विरहिणीला चंद्राने होणारा दाह, असे सारे अभिनयातून मांडता येते. ज्या ओळीत कवीने आधीच सारे सांगून टाकले आहे, तिच्यावर अभिनय करण्यास जागा उरत नाही. निरूपणातील शब्दांचा विरळपणा हा अनेक ठिकाणी कवीचा दुबळेपणा नसून नर्तिकेसाठी राखलेले अंगण आहे. तसेच संबोधनांतील दीर्घ स्वर आळवणीला आणि विलंबाला सोयीचे ठरतात. असे म्हणताना प्रत्येक शिथिल ओळीचे समर्थन करावयाचे नाही. काही ओळी शिथिल म्हणून शिथिलच आहेत. परंतु जेथे मोकळी जागा आहे तेथे ती कशासाठी आहे, हे विचारल्याशिवाय निर्णय देणे न्याय्य नव्हे.

दुसरी अडचण कर्तृत्वाची आहे. विस्मृत रोमँटिक संगीतकाराचा पुनःशोध घेणारे लेखन बहुधा एका एकाकी प्रतिभावंताची कथा सांगते. सरफोजींवर ही कथा लादता येत नाही. राजाच्या नावावरील रचना ही दरबारातील पंडित, नट्टुवनार, गायक-वादक आणि नर्तिका यांच्या सहभागाने सिद्ध होणारी वस्तू असते. राजाची कल्पकता त्यात असते. पण त्याच्या नाममुद्रेखाली इतरांचे श्रमही सामावलेले असतात. म्हणून येथे पुनःशोध घ्यावयाचा तो एका व्यक्तीचा नव्हे, एका कार्यशाळेचा. त्या कार्यशाळेतील पुरुषांची काही नावे आपल्याला माहीत आहेत. ज्या स्त्रियांच्या देहांतून ही रचना प्रत्यक्षात आली, त्यांची नावे वाङ्मयेतिहासात नाहीत. तंजावर दरबाराशी नाते सांगणाऱ्या पाप्पम्माळ यांच्या घराण्यात पुढे टी. बालसरस्वती (१९१८-१९८४) झाल्या, एवढ्या एका धाग्यावरूनही या स्त्री-परंपरेच्या सामर्थ्याची कल्पना यावी.

तिसरी अडचण अभ्यासक्षेत्रांच्या वाटणीची. मराठीचा अभ्यासक संगीत व नृत्य आपले नव्हे म्हणून थांबतो. कर्नाटक संगीताचा अभ्यासक भाषा मराठी म्हणून थांबतो. नृत्याचा इतिहासकार अंगांची नावे टिपून पुढे जातो. तीन दारे असलेल्या या घरात प्रत्येक जण आपल्या दारातून डोकावून परततो.

याला इतिहासाचीही साथ मिळाली. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये निवर्तले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. आश्रय तुटताच दरबारी कलावंत पांगले. विसाव्या शतकात देवदासी प्रथेविरुद्धच्या चळवळीची परिणती १९४७ च्या मद्रास कायद्यात झाली. त्या कायद्यामागील सामाजिक न्यायाची प्रेरणा नाकारता येत नाही. पण मंदिर व दरबार यांच्याशी बांधलेल्या रचनांची परंपरा त्याबरोबर खंडित झाली, हेही खरे. येथे एक तुलना उद्बोधक आहे. सरफोजींना नायक करून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी लिहिलेली तमिळ 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' बृहदीश्वर मंदिरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सादर होत राहिली. स्वतः सरफोजींच्या नावावर असलेली मराठी 'देवेंद्र कुरवंजी', जिच्यात भविष्य सांगणारी कोरवी जगाचा भूगोल सांगते, ती मात्र ग्रंथालयात राहिली. राजाविषयीची तमिळ रचना टिकली आणि राजाची मराठी रचना मागे पडली, याचे कारण गुणवत्तेच्या तरतमात शोधण्याआधी प्रसंगात शोधावे लागेल. पहिलीला उत्सवाचा दिवस, मंदिराचा मंडप आणि समजणारा प्रेक्षक होता.

५. कुंभकोणम परिसराची साक्ष

मराठी शब्दाला जेथे असा प्रसंग मिळाला तेथे तो तमिळ देशात टिकला, याची साक्ष कुंभकोणम परिसर देतो. गादीवरून दूर झालेल्या अमरसिंहाने आपला मुक्काम कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर येथे केला. तेथे आणखी एक छोटा मराठी दरबार उभा राहिला. घनम कृष्णय्यर यांच्यासारखा गायक तेथे होता आणि रामदास नावाच्या हिंदुस्थानी गायकाकडे गोपालकृष्ण भारती यांनी तेथेच शिक्षण घेतले. कुंभकोणमलगतच्या मरुदानल्लूर येथील सद्गुरू स्वामींनी दाक्षिणात्य भजनपद्धतीला जी शिस्त लावली, त्या संप्रदाय-भजनात संस्कृत, तेलुगू व तमिळ कृतींबरोबर मराठी अभंगांनाही जागा आहे. अभंग म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची मातृभाषा मराठी नाही. अर्थ कळो वा न कळो, चाल, क्रम आणि प्रसंग यांच्या आधाराने शब्द टिकतो.

हरिकथेची साक्ष याहून महत्त्वाची आहे. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर प्रदेशात होते आणि कीर्तन तेथे रुजले होते. मेरुस्वामी हे तंजावर प्रदेशातून त्रावणकोरला गेले आणि स्वाती तिरुनाळांनी त्या पद्धतीवर उपाख्याने रचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्या कीर्तनांनी तंजावरकर भारावले आणि त्या पद्धतीला कर्नाटक संगीताची जोड देऊन तंजावर कृष्ण भागवतर (मृत्यू १९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग, अंजनीगीत ही मराठी रूपे तमिळ भागवतरांच्या मुखी याच वाटेने आली आणि कावेरीकाठच्या गावोगावी पसरली.

येथेच 'निरूपण' या शब्दाची उकल होते. महाराष्ट्रात निरूपण म्हटले की कीर्तनाच्या पूर्वरंगातील अभंगाचे विवरण, म्हणजे मुख्यतः गद्य विवेचन, डोळ्यांसमोर येते. तंजावर-कुंभकोणमकडच्या हरिकथेत मात्र 'निरूपणम' म्हणजे एखाद्या आख्यानासाठी क्रमाने लावलेल्या गीतांचा व वृत्तांचा संपूर्ण संच. रुक्मिणी कल्याणाचे निरूपणम म्हणजे त्या कथेची सारी पदे, साक्या, दिंड्या, आरंभापासून मंगलापर्यंत. सरफोजींच्या निरूपणाचा अर्थ या दुसऱ्या वापराशी अधिक जुळतो: एक कथा, तिच्या भिन्नजातीय गीतांगांची क्रमबद्ध माळ, शेवटी मंगल. एका ठिकाणी ती माळ कीर्तनकार एकटा उभा राहून गातो, दुसऱ्या ठिकाणी नर्तिका नाचते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'निरूपण' या नावाखाली नृत्यरचना पाहून जो गोंधळ होतो, तो कुंभकोणमच्या हरिकथेच्या श्रोत्याला होणार नाही. म्हणून निरूपणांच्या अभ्यासाची एक किल्ली राजवाड्यातील कपाटात असली तरी दुसरी या परिसरातील भागवतरांच्या वह्यांत आहे, असे म्हणावेसे वाटते.

पुनःशोधाची ही रीत कुंभकोणमला नवी नाही. उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० मध्ये येथील महाविद्यालयात तमिळचे अध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी येथील मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना 'जीवक चिंतामणी' या जैन महाकाव्याविषयी विचारले. ते काव्य त्यांनी वाचले नव्हते. हस्तलिखित मिळाले, अक्षरे लागली, व्याकरणही लागले. पण संदर्भ लागेनात. मग कुंभकोणमातील जैन कुटुंबांकडे ते गेले आणि त्यांच्या ध्यानी आले की जे काव्य विद्वानांच्या लेखी लुप्त होते, ते या घरांत श्रद्धेने वाचले जात होते. त्या वाचकांच्या साहाय्याने संपादिलेली आवृत्ती १८८७ मध्ये निघाली आणि प्राचीन तमिळ ग्रंथांच्या पुनरुद्धाराला त्यातून मोठी चालना मिळाली. ग्रंथाचा अर्थ ग्रंथाबाहेरच्या जिवंत आचारात शोधण्याचा हा धडा आहे. तमिळने तो घेतला. तंजावरी मराठीच्या बाबतीत आपण तो पुरेसा घेतलेला नाही.

६. रंगावरील पुनःशोध

पुरेसा नाही, असे म्हटले. मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार (१९२१-२०१२) यांनी तंजावरच्या या मराठी रचनांचा ध्यास घेतला, त्यांचे नृत्यसंयोजन केले आणि 'तंजावूर नृत्यप्रबंध' या ग्रंथाच्या रूपाने ते अभ्यासकांसमोर ठेवले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी या रचना रंगमंचावर आणल्या. पुढे चतुष्टयाच्या वंशातील के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही त्यांनी शिक्षण घेतले. या कार्याचे महत्त्व नृत्याच्या क्षेत्रात मान्य झाले आहे. मराठी वाङ्मयाच्या क्षेत्राने मात्र त्याची दखल घेऊन आपल्या पूर्वीच्या निर्णयाची फेरतपासणी करावयास हवी होती, ती केली नाही. मराठी शब्दावर भरतनाट्यमचा अभिनय सहज उभा राहतो, हे या प्रयोगांनी दाखविले. त्याबरोबर निरूपणातील शब्द दुबळे आहेत, या समजुतीचा मुख्य आधारच ढासळतो.

तथापि एखादे वर्ण वा तिल्लाना निवडून मार्गमात बसविणे आणि अठरा अंगांची गुंफण एका बैठकीत, एका रागात मांडणे यांत फरक आहे. पहिल्या मार्गाने रचनेचे सौंदर्य दिसते, दुसऱ्याने तिचा विचार दिसतो. कन्चेर्टोचा केवळ मधला भाग वाजवून संगीतकाराच्या घडणीवर मत देता येत नाही, तसेच हे आहे. येथे एक सावधगिरीही हवी. लेखी रूपात जे उरते ते मुख्यतः शब्द, बोल आणि राग-तालांचे निर्देश. गायकीतील गमक, लयीचे वजन आणि नर्तिकेचा विसावा लिपीत मावत नाही. युरोपीय स्वरलिपी हाती असताना पियानोवादक मूळ रचनेच्या बराच जवळ जाऊ शकतो. निरूपणाच्या बाबतीत प्रत्येक पुनरुज्जीवन काही अंशी नवनिर्मिती असणार. ही मर्यादा लपविण्याचे कारण नाही. पी. सांबमूर्ती यांनी शहाजी राजांचे 'पल्लकी सेवा प्रबंधम' हे तेलुगू गेयनाट्य स्वरलेखनासह प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनाही परंपरेने गाणाऱ्यांच्या स्मृतीवर विसंबावे लागले होते. स्मृतीचा आधार उघडपणे सांगितला की तो पुरावा ठरतो, झाकला की दंतकथा.

७. समारोप

मराठी नाटकाचा आरंभ १८४३ मध्ये सांगली येथे झाला, हे विधान तंजावरच्या शहाजी राजांच्या नाटकांमुळे दुरुस्त करावे लागले. निरूपणांच्या बाबतीत प्रश्न केवळ आद्यत्वाचा नाही. 'आमचे आधी होते' एवढे सिद्ध करून आपण थांबलो, तर निरूपणे पुन्हा अभिमानाच्या कपाटात बंद होतील. मराठीत संगीत, नृत्य व शब्द यांची अखंड, एकरागी, एककथी गुंफण करण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला. तो महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, तमिळ कलावंतांच्या साहाय्याने, तेलुगू-तमिळ-संस्कृत रचनांच्या शेजारी झाला. या प्रयत्नाला मराठी वाङ्मयेतिहासात स्थान द्यावयाचे तर वाङ्मयाची आपली व्याख्याच थोडी रुंद करावी लागेल. साहित्य या शब्दाचा जो अर्थ ग्रंथाच्या शीर्षकात आहे, गीताचे शब्दांग, तो त्या व्याख्येत सामावून घ्यावा लागेल.

कामाची दिशा स्पष्ट आहे. एका निरूपणाची चिकित्सक आवृत्ती मराठीचा अभ्यासक, कर्नाटक संगीताचा जाणकार आणि नृत्यगुरू यांनी मिळून करावी; सरस्वती महालातील मोडी कागदांतून दरबारी कलावंतांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, नोंदी धुंडाळाव्यात; आणि कुंभकोणम, तिरुविडैमरुदूर, मरुदानल्लूर या पट्ट्यातील हरिकथा-भजनांची निरूपणे, चालींसह, ध्वनिमुद्रित करून त्यांच्याशी ताडून पाहावीत. शेवटचे काम सर्वांत तातडीचे आहे, कारण हस्तलिखित ग्रंथालयात थांबू शकते, चाल गाणाऱ्याबरोबर जाते. सरफोजींच्या रचना श्रेष्ठ आहेत की सामान्य, याचा निर्णय त्यानंतर व्हावा. तो प्रतिकूल झाला तरी हरकत नाही. ऐकून दिलेला प्रतिकूल निर्णय हा न ऐकता दिलेल्या गौरवापेक्षा त्यांना अधिक न्याय देणारा असेल.